शेजारचा तंबू

माझ्या बाबांनी मला रायपूरपासून तीनशे किलोमीटर लांब जंगलात नेलं, तिथे माझा विश्वासघात केला, आणि वर मलाच विचारलं, "तू चिडली काहून?" हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे मी पोह्यांचं आणि कोसा साडीचं वगैरे सांगणार आहे, तेव्हा कुणाला ही गमतीची गोष्ट वाटायला नको.

आधी तंबूचं. मी एकोणीस वर्षांची असताना बाबांनी सदर बाजारातून दोन माणसांचा निळा तंबू आणला. बाबा, म्हणजे दिवाकर, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. दर डिसेंबरात तीन दिवस रजा काढायची आणि बस्तरात कांगेर घाटीच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ जाऊन राहायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या वर्षी आई आली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "पैसे देऊन जमिनीवर झोपायचं असेल तर आपली शंकर नगरची गच्ची काय वाईट आहे?" तेव्हापासून आम्ही दोघंच. बारा वर्षांत एकदाही चुकवलं नाही.

शंकर नगरात मी लग्नाची राहिलेली मुलगी असते. भाजीवालीसुद्धा दोन मिरच्या जास्त टाकते आणि विचारते, "दीदी, कुछ जमा क्या?" आई दिवसभर फोनवर असते आणि बाबा वर्तमानपत्रामागे. तंबूत मात्र बाबा ऐकतात. मधे बोलत नाहीत, उपाय सुचवत नाहीत, लग्नाचा विषय तर बारा वर्षांत काढला नाही. माझ्या नोकरीतली भांडणं, माझी भीती, माझं एक फसलेलं प्रेम, सगळं त्या निळ्या कापडाखाली मी त्यांच्यासमोर ओतलेलं आहे. मला मैत्रीण नाही असं नाही. पण बाबांना सांगितलं की मला शांत झोप लागते, एवढं खरं.

गेल्या वर्षी मी त्यांना सर्वांत अवघड गोष्ट सांगितली. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं होतं की मला मूल होण्याची शक्यता जवळजवळ नाही. मी एकटीच गेले होते, एकटीच परत आले होते, आणि दीड महिना कुणाला काही सांगितलं नव्हतं. दुपारचे चार वाजले होते, बाबा खिचडी ढवळत होते. मी सांगितलं आणि म्हटलं, "आईले सांगू नका. कोणालेच सांगू नका." बाबा ढवळत राहिले, तरी खिचडी खाली लागली. मग म्हणाले, "मी कोणाले नाही सांगत. तू जेव." आम्ही ती करपलेली खिचडी खाल्ली, आणि मला वाटलं, चला, आता हे ओझं दोघांत आहे.

या वर्षी मी त्यांच्याकडे काहीतरी मागायला चालले होते. मूल दत्तक घ्यायचं मी ठरवलं होतं. एकटीनं. कायद्यानं चालतं ते. अर्ज भरला होता, पुढच्या महिन्यात घर बघायला दत्तक संस्थेच्या बाई येणार होत्या. अर्जासोबत एक हमीपत्र लागतं: मला उद्या काही बरंवाईट झालं तर या मुलाला मी सांभाळीन, असं जवळच्या नातेवाइकानं लिहून द्यायचं. त्या कागदावर मला बाबांची सही हवी होती. आई आकाशपाताळ एक करणार, नातेवाईक तोंडात बोटं घालणार, हे मला ठाऊक होतं. त्या सगळ्या गोंधळात एक माणूस माझ्या बाजूला उभा राहिला तर मी हे निभावून नेईन, नाही तर नाही, इतकं सरळ होतं. नातेवाइकाच्या नावाची जागा रिकामी होती, पण मी मनात ती कधीच भरून टाकली होती.

पहाटे निघालो. धमतरी मागे पडल्यावर उजाडलं आणि माझं लक्ष गेलं, बाबांनी दाढी केली होती. मिशीलाही काळा रंग लावला होता.

"बाबा, जंगलात मिशी कोणाले दाखवायची आहे?"

"अस्वलाले," बाबा म्हणाले.

मी हसले. इथेच मी गाफील राहिले. कांकेरला चहासाठी थांबलो तेव्हा पाण्याची बाटली शोधताना मागच्या पिशवीत दोन किलो पोहे दिसले. दोन माणसं, तीन दिवस, दोन किलो. "थंडीत भूक लागते," बाबा म्हणाले. आईनं माझ्या बॅगेत माझा पिवळा कुर्ता घातला होता, इस्त्री करून, आणि सोबत तिची मोत्याची कुडी. मी नवा रायपूरच्या ऑफिसात दिवसभर नकाशे काढते, कुठला रस्ता कुठे निघेल ते लोकांना सांगते. आणि माझी गाडी केशकालच्या घाटात वळणामागून वळण घेत होती तरी मला आपण कुठे चाललोय ते कळलं नाही. डोक्यात फक्त तो कागद होता.

उद्यानाच्या फाटकाजवळ गावातली समिती तो कॅम्प चालवते. सालाची झाडं, सारवलेले ओटे, एका ओट्यावर एक तंबू, मधे चूल आणि कोपऱ्यात हातपंप. आमचा ओटा ठरलेला असतो, सर्वांत टोकाचा, नाल्याजवळचा. चौकीदार आम्हाला बघून तिकडेच निघाला. बाबा म्हणाले, "नाही भैया, इस बार बीच वाला दे दो. नाले पे मच्छर होते हैं." डिसेंबरात, दात वाजत असताना, मच्छर! म्हातारपणी माणसाला थंडी बाधते, कबूल करवत नसेल, असं म्हणून मीच त्यांची बाजू घेतली.

तंबू लावला, चहा टाकला. मी बॅगेतून कागद काढला, मांडीवर ठेवला, आणि म्हटलं, "बाबा, मले तुम्हाले एक विचारायचं आहे."

"विचार ना, पोट्टी."

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली आणि आमच्या शेजारच्या ओट्यापाशी थांबली. आतून एक साठीच्या बाई उतरल्या. कोसा रेशमाची साडी, जरीचा काठ, केसांत गजरा. जंगलात लोक काय काय घालून येतात ते मी बारा वर्षं बघतेय, पण साल वृक्षाखाली कोसा नेसलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. मागून त्यांचा मुलगा उतरला, पस्तिशीचा, हातात कोरा करकरीत तंबू, त्याला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

बाबा ताडकन उठले. "अरे! विनोदिनीताई! तुम्ही इकडं कुठं?" फलाटावर ओरडावं तसे ओरडले. "काय योगायोग म्हणावा!"

असा योगायोग बिलासपूर स्टेशनवरही होत नाही. मी कागद घडी करून बॅगेत ठेवला.

मला कळलं होतंच. बघण्याचा कार्यक्रम होता. घरी मी कुणासमोर बसत नाही, दोन वर्षांपूर्वी एका स्थळाच्या मावशीला मी तिच्या भाच्याचा पगार आणि केस दोन्हींबद्दल विचारलं होतं, तेव्हापासून आईनं नाद सोडला होता. म्हणून ही युक्ती. मला राग आला. पण खरं सांगते, तो माफ करता येण्यासारखा राग होता. आई मागे लागली असेल, बाबांना नाही म्हणता आलं नसेल. तीन दिवस तोंड गोड ठेवू, घरी गेल्यावर बघू, असं मी स्वतःला समजावलं.

शिवाय तो मुलगा, निरंजन, बरा होता. हे मुद्दाम सांगते. भिलाईला कॉलेजात शिकवायचा, मराठी समजायची पण बोलायचा हिंदी. त्याला तंबू लावता येत नव्हता आणि ते त्यानं लपवलं नाही. काठ्या उलट्या घालून तो आतच अडकला आणि आतून म्हणाला, "मॅडम, बाहर निकालिए, फिर जो डाँटना है डाँटिए." मी त्याला बाहेर काढलं, तंबू लावून दिला. खुंट्या ठोकताना आम्ही पोट धरून हसलो. एखाद्या दिवशी, सावकाशीनं, मी या माणसाला काही सांगितलंही असतं, असं मला वाटून गेलं.

जेवणाआधी मी बाबांना तंबूत गाठलं. "बाबा, हे काय चालू आहे?"

"काय चालू आहे?"

"तुम्ही यांले बोलावलं ना?"

"मी काहून बोलावू? जंगल काय माह्या बापाचं आहे?" असं म्हणून बाबा तंबूच्या चेनशी खेळत बसले. माझ्याकडे बघितलं नाही. तंबूत बसून ते माझ्याशी खोटं बोलण्याची ती पहिली वेळ होती. मी तेही गिळलं. कागदाचं उद्या बोलू म्हटलं.

सकाळी बाबांनी चौघांचे पोहे केले. दाणे, कढीपत्ता, वरून ओलं खोबरं, जे शंकर नगरच्या घरातही रोज मिळत नाही. निरंजन हातपंपावर बादली भरायला गेला होता. विनोदिनीबाई माझ्याजवळ सतरंजीवर सरकल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"बेटा, मी साफ-साफ बोलते. मनावर काही ओझं नको ठेवू. तुझ्या बाबांनं आम्हाले सगळं सांगतलं आहे. ते नागपूरच्या डॉक्टरचं. पहिल्याच फोनवर सांगतलं, काही लपवलं नाही. असा माणूस आजकाल मिळते कुठं? मी निरंजनले तेव्हाच म्हटलं, ज्या घरानं एवढं सांगतलं ते घर खरं. आम्हाले चालते. मुलाचं काय, दत्तक घेता येते. आपल्या नात्यातलंच एखादं पाहून घेऊ."

माझे कान तापले. पोह्यांची बशी मी खाली ठेवली. मी बाबांकडे पाहिलं. ते लिंबाच्या फोडी करत होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू माझ्यासाठी सोन्याची खाण शोधून आणली आहे.

"आणखी कोणाकोणाले माहीत आहे?" मी विचारलं.

"कोणाले नाही," बाबा म्हणाले. "म्हणजे भार्गवभाऊले, कारण मधे तेच आहेत. अन् तुह्या आईले सांगाच लागलं."

आई! दोन महिने आई मला रोज सकाळी बदाम भिजवून देत होती. न मागता. रात्री दुधात हळद. मी मैत्रिणीला सांगितलं होतं, बघ, म्हातारपणी आई किती मऊ झाली. ती मऊ झाली नव्हती. ती माझी कीव करत होती, आणि मी ते बदाम चावून खात होते. हे स्थळ सुचवणारे भार्गवकाका दिवाळीला आले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून उगाचच "सब ठीक होगा" म्हणाले होते, तेही आता कळलं. म्हणजे वर्षभर जे दोघांत आहे असं मी समजत होते, ते पाचजणांच्या ताटात वाढून झालं होतं, आणि जेवायला न बसलेली एकटी मीच.

मी म्हटलं, "काकू, बाबांनी तुम्हाला सगळं नाही सांगितलं."

बाबांचा हात लिंबावर थांबला.

"मी मूल दत्तक घेतेच आहे. एकटी. अर्ज भरलाय. पुढच्या महिन्यात घर बघायला येतायत. लग्न होवो न होवो, ते मूल येणार. आणि नात्यातलं नाही, कुणाचंही."

निरंजन बादली घेऊन येऊन उभा होता.

"मले नाही सांगतलं तू?" बाबांनी विचारलं. फार हळू.

"काल सांगणार होते. चहाच्या वेळी. हे आले."

मी ते मुद्दाम चारचौघांत बोलले. त्यांना लागावं म्हणूनच बोलले, आणि त्यांना लागलं. परक्यांबरोबर बसून आपल्या मुलीची गोष्ट ऐकताना कसं वाटतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला आनंद झाला, आणि तो लगेच विटला.

विनोदिनीबाईंनी माझा हात सोडला, पदर सावरला आणि बाबांकडे वळल्या. "दिवाकरराव, लग्नाआधीच पोरगं? हे तर तुम्ही सांगतलं नव्हतं. आम्ही तर तुम्हाले सच्चा माणूस समजून आलो." उभ्या आयुष्यात बाबांना कुणी खोटारडं म्हटलं नव्हतं, आणि ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी चुकीच्या कारणासाठी म्हटलं.

तासाभरात ते लोक निघाले. निरंजनला तंबूची घडी करता येत नव्हती, ती मीच घालून दिली. पिशवी घेताना तो म्हणाला, "सॉरी. मुझे लगा आपको पता है कि मुझे पता है." मी मान हलवली. त्याला तेवढं तरी सुचलं. गाडी गेली. कोसा साडीवर पोह्यांचा डाग पडला होता, तो त्या शेवटपर्यंत पुसत होत्या.

बाबा आमच्या तंबूच्या दाराशी बसले होते. मी समोर बसले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, "तू एवढी चिडली काहून?"

"काहून? तुम्ही मले शब्द दिला होता."

"दिला होता. पण लग्नाच्या गोष्टीत लपवून चालते का? इंदूचं काय झालं, ठाऊक नाही तुले?"

ठाऊक होतं. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंदूआत्या, बाबांची धाकटी बहीण. तिला फिट्स यायच्या, आजोबांनी ते लपवून तिचं लग्न लावलं. दोन महिन्यांत सासरच्यांनी तिला रिक्षातून आणून दारात सोडलं, भर दुपारी, सगळा मोहल्ला बघत असताना. बाबा तेव्हा वीस वर्षांचे होते. तिची पेटी त्यांनीच आत नेली. पुढची तीस वर्षं आत्या आमच्या मागच्या खोलीत राहिली आणि तिथेच गेली.

"तिची पेटी उचलली ना, तेव्हाच मी कसम खाल्ली," बाबा म्हणाले. "आपल्या घरातल्या पोरीचं काही झाकायचं नाही. लोकायनं नंतर तोंडावर फेकण्यापेक्षा आपणच आधी सांगायचं. मी तुह्यासाठीच केलं, गंधू."

"मग मलेच काहून फसवून आणलं? परक्यांसोबत खरं बोलले अन् माह्यासोबत खोटं?"

"तुले विचारलं असतं तर तू आली असती?"

"नसते आले! तेच तर. ते माझं होतं बाबा. कोणाले सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते माझं होतं. निरंजनले मी स्वतः सांगितलं असतं कदाचित. तुम्ही ते मले करूच नाही दिलं."

मला रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही. मग बाबा म्हणाले, "तो कागद कुठं आहे? काल काढला होता तो. त्याच्यावरच सही पाहिजे होती ना तुले?"

मी दिला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळीखाली बोट धरून वाचलं, तिकिटावरची तारीख बघावी तसं. शेवटी पोहोचले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "याच्यात विचारायचं काय आहे, पोट्टी?" म्हणाले. "नात म्हण, नातू म्हण, माह्याच घरचं लेकरू. आण इकडं." त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढून गुडघ्यावर ठेवलं, आणि कागद मांडीवर सारखा केला.

मला ती सही हवी होती. त्या क्षणीही हवी होती. दुसरं कुणी नव्हतंच, आणि ते जे म्हणाले ते अगदी मनापासून म्हणाले होते, हे मला दिसत होतं. त्यांनी त्या मुलाला स्वतः न खाता खाऊ घातलं असतं.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "ते लेकरू मोठं होईल. कधी मी नसेन, अन् ते तुमच्याजवळ येऊन बसेल. म्हणेल, आजोबा, एक सांगतो, पण तुम्ही कोणाले सांगू नका. मग?"

बाबांनी वर पाहिलं. नुसतं 'नाही सांगणार' एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. मी विश्वास ठेवला असता. गेल्या वर्षी ठेवला होता तसाच, पुन्हा ठेवला असता. मी अक्षरशः वाट बघत होते.

त्यांनी खूप विचार केला.

"त्याच्या भल्याचं असंन," ते म्हणाले, "तर सांगाच लागन ना, पोट्टी."

मी हात पुढे केला. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तो परत दिला. नावाची जागा रिकामीच होती. मी तो घडी करून बॅगेत ठेवला, आणि मग आम्ही दोघांनी मिळून तंबू काढायला घेतला.